टेबल सॉचं ब्लेड: आधी टिप बघा, मग दात मोजा

नाशिकमध्ये हार्डवेअरच्या दुकानात टेबल सॉसाठी, म्हणजे टेबलातून वर आलेल्या ब्लेडने लाकूड कापणाऱ्या मशीनसाठी, १० इंची गोल ब्लेड मागितलं की पहिला प्रश्न येतो, 'किती दाती देऊ?' प्रश्न योग्यच आहे, पण तो दुसरा असायला हवा. पहिला टिपचा. डिस्क पोलादाची असते, कापतो तो दाताच्या टोकाला ब्रेझिंगने (वितळलेल्या धातूच्या डागाने) बसवलेला टंगस्टन कार्बाइडचा तुकडा, म्हणजे टिप. त्याची जाडी व्हर्नियरने दुकानातच मोजा. स्वस्त ब्लेडांत ती दीड मिलीमीटरच्या आसपास भरते, चांगल्यांत अडीच-तीनपर्यंत. एकदा धार लावताना समोरून ०.१ मिलीमीटर गेलं आणि शेवटी १ मिलीमीटर टिप शिल्लक ठेवायची म्हटलं, तर दीडच्या टिपला पाच धारा मिळतात, अडीचच्या टिपला पंधरा. कपची उडाली की हा हिशेब खाली येतो, पण फरक एवढा मोठा आहे की पहिल्या किमतीची तुलना करण्यात फारसा अर्थ उरत नाही.

टिपच्या मुळाशी ब्रेझिंगची रेघ सलग दिसली पाहिजे. बारीक छिद्रं किंवा तुटक रेघ दिसली तर ते ब्लेड परत ठेवा. फिरत्या मशीनवरून सुटलेली टिप कुठे जाईल हे कुणाच्याच हातात नसतं. डिस्कच्या कडेला उष्णतेने पसरायला जागा देणाऱ्या खाचा आहेत का, कमाल आरपीएम कोरलेला आहे का, हेही बघा. आपल्याकडच्या बऱ्याच मशिनांना २८८० आरपीएमची मोटर आणि पट्टा असतो. मोटरवर ४ इंची आणि स्पिंडलवर (ब्लेड बसतं त्या दांड्यावर) ३ इंची पुली असली तर ब्लेड ३८४० आरपीएमने फिरतं. पुली बदलण्याआधी हा आकडा कोरलेल्या आकड्याशी ताडून घ्या.

ब्लेडचं भोक ३० मिलीमीटर आणि स्पिंडल १ इंचाचं, ही गाठ नेहमीची. मधली रिंग चालते, पण ती घट्ट बसली पाहिजे आणि डिस्कपेक्षा पातळ हवी. जाड रिंग घातली तर फ्लँज (ब्लेड आवळून धरणारी चकती) रिंगलाच दाबते आणि ब्लेड मोकळं राहतं. ढिली रिंग असेल तर ब्लेड केंद्रात बसत नाही, आणि सगळं काम वर आलेल्या चार-पाच दातांवरच पडतं.

आता दात. फळी शिरेच्या दिशेने उभी चिरायची तर २४ दाती, सपाट माथ्याचं, २० अंशांच्या आसपास हुक (दाताचा पुढे झुकलेला कोन) असलेलं ब्लेड. सागावर ६० दाती ब्लेड चालवून 'फळी काळी पडते, मशीनला ताकद नाही' असं म्हणणारे बरेच भेटतात. हिशेब करून बघा. ४००० आरपीएमला २४ दात मिनिटाला ९६,००० वेळा लाकडाला लागतात. फळी मिनिटाला ५ मीटर सरकवली तर प्रत्येक दात साधारण ०.०५ मिलीमीटरचा घास घेतो. ६० दातांत तोच घास ०.०२ वर येतो. एवढ्या बारीक घासात दात कापायचा कमी आणि घासायचा जास्त. शिवाय दातांमधल्या खाचा लहान, उभ्या चिरण्यातले लांब छिलके त्यांत मावत नाहीत. मोटर निर्दोष असते, ब्लेड चुकलेलं असतं.

आडव्या कापाला ६० दाती, एक दात डावीकडे आणि पुढचा उजवीकडे तिरका असलेलं ब्लेड उत्तम. सनमायका लावलेला प्लाय आणि एमडीएफ यांना ८० दाती ट्रिपल चिप: एका दाताचे दोन्ही कोपरे तासलेले, पुढचा सपाट. टेबल सॉवर दात वरून खाली उतरतात, म्हणून चांगली बाजू वर ठेवा आणि ब्लेड कमी उंच ठेवा. खालची कड मग कमी फुटते. एकच ब्लेड परवडत असेल तर ४० दाती घ्या. ते दोन्ही कामं बरी करतं, उत्तम एकही नाही.

धार मात्र नाशिकमध्ये पारखूनच घ्यावी लागते. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमुळे इथे ग्राइंडिंगचे जाणकार कमी नाहीत, पण धातूकामाच्या मिलिंग कटरला धार लावणारं मशीन आणि सॉ ब्लेडचं मशीन वेगळं. नुसत्या बेंच ग्राइंडरवर हाताने ब्लेड फिरवणाऱ्याकडे देऊ नका. पांढरा दगड कार्बाइडला कापतच नाही, हिरवा कापतो पण कड खडबडीत ठेवतो. डायमंड व्हील, पाण्याचा फवारा आणि एकेक दात मोजून पुढे सरकवणारी व्यवस्था हवी. 'समोरून घासता की माथ्यावरून?' असं विचारा. 'दोन्हीकडून' हे उत्तर हवं. फक्त समोरून घासत राहिलं तर टिप मागे निमुळती असल्याने कापाची रुंदी हळूहळू कमी होते आणि रिव्हिंग नाइफ (ब्लेडमागची, काप उघडा ठेवणारी पात) कापात अडकू लागते. दुसरा प्रश्न हुकच्या अंशांचा. जो हा अंश न विचारता सगळ्या ब्लेडांना एकच कोन देतो, तो तुमचं २४ दाती बिघडवून देईल.

देण्याआधी एका दाताशी मार्करने खूण करा, त्या टिपची जाडी लिहून ठेवा. परत आल्यावर तोच दात मोजा. ०.१ च्या जागी ०.४ गेलं असेल तर तीन धारा फुकट गेल्या. एखाद्या दाताची कपची उडालेली असेल आणि बाकी सगळे तिच्या पातळीपर्यंत खाली आणावे लागणार असतील, तर ती एक टिप बदलून घेणं स्वस्त पडतं.

धार गेली की नाही हे उजेडात कळतं. भिंगाखाली दात खिडकीकडे धरा. धारदार कड उजेड परत करत नाही, बोथट कडेवर बारीक पांढरी रेघ चमकते. पण त्याआधी ब्लेड धुवा. सागाचा चिकट थर बसला की धारदार ब्लेडही जळायला लागतं आणि लोक उगाच धारेला पाठवतात. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पंधरा मिनिटं बुडवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला हे शेवटचं चुकवलं तर दुसऱ्या दिवशी डिस्कवर तांबूस ठिपके येतात. कॉस्टिक सोड्यात बुडवू नका, त्याने टिप आणि ब्रेझिंग दोन्हींना धोका असतो.

साग मुळात दाताला जड, कारण त्यात सिलिका असते. जुन्या वाड्याचा साग त्याहून वाईट, तुळईत खिळे रुतलेले असतात. मॅग्नेट फिरवल्याशिवाय त्यावर चांगलं ब्लेड लावू नका. पॅकिंगच्या पेट्यांच्या पाइनलाही हेच लागू. अशा लाकडासाठी चार-पाच धारा झालेलं जुनं २४ दाती वेगळं ठेवलेलं बरं.

ब्लेड बनवणाऱ्या कंपन्यांत फ्रॉइड आणि सीएमटी या इटलीच्या, लाइट्झ जर्मनीची. यांच्या औद्योगिक श्रेणीतल्या ब्लेडांच्या टिपा जाड असतात, म्हणून रोज मशीन चालणाऱ्या वर्कशॉपला आम्ही त्यांचीच शिफारस करू. आठवड्यातून दोन तास काम असेल तर मधल्या किमतीचं ब्लेड पुरेसं आहे, मात्र तेही व्हर्नियर लावूनच घ्या. दुकानदाराने मोजू दिलं नाही तर दुसरं दुकान बघा.