स्लोव्हेनियातलं गायब होणारं तळं: गाईडेड वॉकचा रिव्ह्यू

ल्युब्लियानाहून तासाभरात सेर्कनित्साच्या तळ्यावर पोचलो, सप्टेंबर होता, म्हणजे तिथला उन्हाळा नुकताच सरलेला, त्यामुळे तळं गायबच, नुसतं सपाट गवत आणि चारी बाजूंनी डोंगर. चुनखडीच्या प्रदेशात इतकं सपाट कसं, हाच माझा पहिला प्रश्न आणि गाईडने तो इतका छान सोडवला ना! याला पोल्ये म्हणतात, म्हणजे शेत. तळाशी गाळ साचला की पाणी खाली जिरत नाही, मग ते आडवं पसरतं आणि कडेच्या चुनखडीला विरघळवत विरघळवत मैदान रुंद करत जातं, शिवाय भूजलाची पातळी तळाला टेकलेली त्यामुळे खोल खणायला वावच नाही. पावसाळी दिवसांत इथे 25 चौ. किमीपेक्षा जास्त पाणी भरतं!! रेशेटो नावाची गिळभोकं, म्हणजे तळ्याचं पाणी जमिनीखाली ओढून घेणारी भोकं, बघितली, रेशेटो म्हणजे चाळणी, वाकून हात घातला तर आतून गार हवा आली, अंगावर काटाच आला. वाल्वासोर नावाच्या इथल्याच जुन्या अभ्यासकाने 1689 मध्येच या तळ्याबद्दल लिहून ठेवलंय.

तक्रार एकच, दोन तास फार कमी पडतात आणि शेवटी घाई केली. तरी 5 पैकी 4.5. जाड सोलचे बूट न्याच, खाली चिखल असतो.