सोलापूरच्या चाटी गल्लीतला ‘एक्स्पोर्टचा’ टॉवेल घ्यावा का?

आधी वजन करून मागा. 27 बाय 52 इंची टॉवेल म्हणजे साधारण 0.91 चौरस मीटर कापड. ते 500 ग्रॅम भरलं तर जीएसएम (दर चौरस मीटरला किती ग्रॅम) 550. हे माप आणि ही जाडी अमेरिकेकडची. आपल्या घरात 30 बाय 60 चालतो, 350-400 जीएसएमचा, म्हणजे 400 ते 465 ग्रॅमचा. ‘एक्स्पोर्ट सरप्लस’, म्हणजे निर्यातीतून उरलेला, म्हणून दाखवलेला 30 बाय 60 साडेतीनशे ग्रॅमच भरला, तर पुढच्या दुकानात चला.

अस्सल माल सुंदर असतो. लूप इतके दाट की बोटाने बाजूला सारले तरी खालची वीण लवकर दिसत नाही. पाण्याचा थेंब मात्र वर तसाच बसतो, कारण फिनिशिंगचं सॉफ्टनर. दोन-तीन धुण्यांनी फरक पडतो. डॉबीचा, म्हणजे काठाजवळचा बिनलूपचा, सपाट पट्टा पाइलपेक्षा (लूपच्या भागापेक्षा) जास्त आटला तर चुण्या पडतात, त्यावर इलाज नाही. लूप निघाला तर ओढू नका, कात्रीने कापा.

हा माल स्वस्त का झाला? 27 ऑगस्ट 2025 पासून काही महिने अमेरिकेने भारतीय मालावर जादा आयात कर 50 टक्के केला होता. सुती टेरी टॉवेलवर मूळचा 9.1 टक्के होताच. चार डॉलरच्या नगावर 36 सेंट भरणाऱ्या आयातदाराला 2 डॉलर 36 सेंट पडू लागले. पाकिस्तानवर तेव्हा जादा 19, बांगलादेशवर 20. तिकडचं गिऱ्हाईक हिशेब करणारच, आणि आपला माल अडणारच.

अडलेला माल इथे खपवणंही सोपं नाही. माप आखूड, रंग त्यांच्या शेडकार्डाचे, लेबल शिवलेलं. केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 2025 च्या डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलं, पण त्याने मागावरून उतरलेल्या मालाचं माप थोडंच बदलतं!

सोलापूरच्या उन्हात 550 चा टॉवेलही खडखडीत वाळतो. कोकणातल्या पाहुण्यांना द्यायचा असेल तर साधा 350 वालाच घ्या. पावसाळ्यात जाड टॉवेलला कुबट वास धरतो.