होमस्टे टाकायचाय: कोचकडे जावं की रेकीवाल्याकडे?

मुंबईची नोकरी सोडून मालवणात होमस्टे टाकायचाय, पण पाऊल उचलत नाही. अशा माणसाने कुणाचं दार ठोठवावं?

कोच (खेळाचा नव्हे, निर्णय घ्यायला मदत करणारा ‘लाइफ कोच’) सहसा सल्ला देत नाही, प्रश्न विचारून भंडावतो. ‘ग्रो’ पद्धतीत क्रम ठरलेला: ध्येय काय, आज स्थिती काय, पर्याय कुठले आणि नक्की करणार काय. तुम्ही “बघू” म्हटलंत की तो विचारणार, “कधी? गणपतीआधी की नंतर?” मग वहीत उतरवायचं: सोमवारी सातबारा काढणे, गुरुवारी बँक. पुढच्या भेटीत हिशेब द्यावा लागतो, आणि खरं काम तिथेच होतं. मात्र कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे आधी अनुभव विचारा.

रेकी, म्हणजे तळहातांतून ‘ऊर्जा’ देण्याचा दावा करणारी उपचारपद्धत, १९२२ च्या सुमारास जपानात मिकाओ उसुई यांनी सुरू केली. तुम्ही डोळे मिटून पडायचं, समोरचा कपाळावर, खांद्यांवर तळहात ठेवतो. तासभर मोबाईल बंद, कुणाची कटकट नाही. हलकं वाटतं ते खरंच. पण त्या ऊर्जेचा पुरावा नाही. रेकीच्या जवळच्या ‘थेराप्यूटिक टच’वर (अंगाजवळ हात फिरवून ऊर्जा जाणवते, असा त्यांचा दावा) अमेरिकेतल्या एमिली रोझा या शाळकरी मुलीचा प्रयोग १९९८ साली छापून आला. पडद्याआड आपल्या कोणत्या हाताजवळ तिचा हात आहे, हे उपचारकांना जेमतेम ४४ टक्के वेळा ओळखता आलं. नाणं उडवूनही याहून बरं जमतं! (देवाला कौल लावून घर बांधणाऱ्या गावात हे सांगणं जरा अवघडच.)

माझा कल कोचकडे. रेकी विश्रांती म्हणून घ्या, रेकी शिकवणाऱ्या महागड्या ‘लेव्हल’च्या दीक्षा नकोत. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर दोघांनाही बाजूला ठेवून टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावा.