दोनशे एमबीपीएस म्हणजे नेमके किती? घरच्या फायबर जोडणीचा एका वर्षाचा जमाखर्च

पुण्यात सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीत गेल्या वर्षी फायबरची तार आली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात मी २०० एमबीपीएसची जोडणी घेतली. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानमांडणी करून तयार पीडीएफ छापखान्याला पाठवणे हे माझे काम असून ते घरूनच चालते, त्यामुळे इंटरनेट बंद पडले की माझे दुकानच बंद पडते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रस्त्यावरच्या पेटीपासून घरापर्यंतची तार आणि दुरुस्तीला येणारा माणूस स्थानिक केबल व्यावसायिकाचा असतो, बिलावरचा शिक्का तेवढा कंपनीचा. साहजिकच एकाच कंपनीविषयी आमच्या पेठेतले मत कोथरूडमध्ये लागू पडेलच असे नाही. दरमहा ९९९ रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी मिळून १,१७८ रुपये ८२ पैसे होतात, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरल्यास जोडणी विनाशुल्क मिळते. सेवा एकंदरीत चांगली आहे. माझी तक्रार आहे ती या सेवेच्या भाषेबद्दल, कारण माहितीपत्रकातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाचा अर्थ मला स्वतःच शोधून काढावा लागला आणि तो कळेपर्यंत आपण नेमके कशाचे पैसे भरतो आहोत हेही मला ठाऊक नव्हते.

पहिला धडा पहिल्याच आठवड्यात मिळाला. एका दिवाळी अंकाची १.४ जीबीची पीडीएफ छापखान्याला पाठवत असताना पडद्यावर वेग दिसत होता ‘११.७ एमबी प्रति सेकंद’. दोनशेचे पैसे घेऊन बारासुद्धा देत नाहीत, अशा संतापाने मी ग्राहक सेवेला फोन केला, आणि त्या फोनवर मी जे बोलले त्याची मला आज लाज वाटते. कंपनी वेग मोजते मेगाबिटमध्ये आणि संगणक फाइलचा आकार सांगतो मेगाबाइटमध्ये. ८ बिट मिळून १ बाइट होतो, म्हणजे २०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ एमबी जाऊ शकतात. मराठीत लिहिताना दोन्हींना सर्रास ‘एमबी’ म्हटले जाते आणि घोटाळा तिथेच होतो. या हिशेबाने माझी फाइल ५६ सेकंदांत जायला हवी होती, ती गेली दोन मिनिटांत. ११.७ ला आठाने गुणले तर ९४ च्या आसपास उत्तर येते, आणि म्हणून माझा संताप चुकीचा असला तरी तक्रार मात्र खरी होती. मिळणारा वेग कबूल केलेल्या वेगाच्या निम्माही नव्हता.

तपासणीला आलेल्या दादांनी भिंतीवरच्या पेटीला आपला फोन जोडून पाहिला, त्यावर १९८ आकडा दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, तुमचा लॅपटॉप जुना आहे, तो एवढंच घेतो.” लॅपटॉप तीन वर्षांचा होता. ते गेल्यावर मी पेटीपासून लॅपटॉपपर्यंतची, कंपनीने दिलेली पांढरी तार काढून उजेडात धरली. या तारेच्या टोकाला पारदर्शक प्लग असतो आणि त्यात आत किती रंगीत तारा आल्या आहेत ते सरळ दिसते. आठ खाचा होत्या आणि तारा चारच: नारिंगी, नारिंगी-पांढरी, हिरवी आणि हिरवी-पांढरी. १०० एमबीपीएसच्या जुन्या इथरनेटला, म्हणजे तारेच्या जोडणीला, या चार पुरतात, परंतु त्यापुढच्या गिगाबिट, म्हणजे १,००० एमबीपीएसच्या, वेगासाठी आठही तारा लागतात. चारच मिळाल्या की दोन्ही बाजूंची यंत्रे निमूटपणे १०० वर उतरतात आणि कुठलीही सूचना देत नाहीत. ९४ हा आकडा त्याचीच खूण होती. १०० ची वाट असली तरी माहिती छोट्या पाकिटांत भरून जाते आणि प्रत्येक पाकिटावर पत्ते आणि तपासणीच्या खुणा लिहाव्या लागतात, त्यात पाच-सहा टक्के वेग जातो आणि उरतात ९४ किंवा ९५. कुणाच्याही चाचणीत ऐंशी किंवा एकशेदहा न येता हाच आकडा पुन्हा पुन्हा येत असेल, तर आधी तार पाहावी. तपकीर गल्लीतून मी दीडशे रुपयांची कॅट-६ तार आणली आणि चाचणीत १९६ आले. हजार रुपये महिना घेणाऱ्या सेवेने चार तारांची केबल देऊन वाचवलेले पैसे फार तर पन्नास-साठ असतील.

‘अनलिमिटेड’ हा शब्द तर माहितीपत्रकावर सर्वांत मोठ्या अक्षरात छापलेला आहे. खाली, भिंगातून वाचावे अशा अक्षरात, ‘एफयूपी’ आहे, म्हणजे रास्त वापराचे धोरण: महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग २ एमबीपीएसवर येईल. पूर्ण २०० च्या वेगाने सतत फाइली उतरवत राहिल्यास ही मर्यादा साधारण ३७ तासांत संपते. अर्थात कोणीही असे करत नाही. आमच्या घरी दूरचित्रवाणी, माझे काम आणि सासऱ्यांची भजने धरून महिन्याला ४०० जीबीच्या पुढे वापर गेलेला नाही, म्हणून मला या मर्यादेचा त्रास शून्य आहे. शब्द मात्र खोटाच आहे. २ चा आकडाही आकाशातून पडलेला नाही: केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलून किमान वेग ५१२ केबीपीएसवरून २ एमबीपीएस केला, आणि मर्यादेनंतर माझ्या पदरी पडणार तो नेमका हाच किमान वेग.

संध्याकाळी वेग का घसरतो याचे उत्तर ‘स्प्लिटर’ या शब्दात दडलेले आहे. कंपनीच्या केंद्रातून आलेला काचेचा एक धागा रस्त्यावरच्या पेटीत अनेक घरांमध्ये वाटला जातो. या जीपॉन पद्धतीत एका धाग्यावर घराकडे येणारी वाट सुमारे अडीच गिगाबिटची आणि घराकडून जाणारी सव्वा गिगाबिटची असते, आणि ती ३२ किंवा ६४ घरांत विभागलेली असणे ही सर्वसाधारण रीत आहे. ३२ घरांनी एकाच क्षणी नळ पूर्ण सोडला तर प्रत्येकी ७८ एमबीपीएस येतील. प्रत्यक्षात सगळे एकाच वेळी सोडत नाहीत, या भरवशावर सारा व्यवसाय उभा आहे आणि त्यात गैर काही नाही. महापालिकेचे पाणीही याच हिशेबावर चालते. आयपीएलच्या दिवसांत रात्री नऊला मला १२५ ते १४० मिळत असत आणि सकाळी पुन्हा १९५ च्या पुढे. पाठवण्याचा वेग त्या वेळीही जागचा हलत नसे, कारण सामना सगळे बघत असतात, पाठवत कोणी नसते. माझ्यासारख्या पाठवणाऱ्या माणसाला ही व्यवस्था सोयीचीच पडली. तरीही आमच्या पेटीत एका धाग्यावर किती घरे आहेत, हे मी तीनदा विचारूनही कंपनीने सांगितलेले नाही. ‘अप टू २००’ मधल्या ‘अप टू’चा खरा अर्थ त्या एका आकड्यात आहे.

पावसाळ्यात ओएनटीवरचा लाल दिवा लागला. ओएनटी म्हणजे भिंतीवरची ती पेटी जी काचेतून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संदेशात रूपांतर करते. आपण तिला सरसकट राउटर म्हणतो, कारण राउटरचे कामही हल्ली तीच करते. त्या लाल दिव्याखाली लिहिलेले असते ‘लॉस’. बऱ्याच जणांना तो नुकसान या अर्थाचा शब्द वाटतो, प्रत्यक्षात ते ‘प्रकाशाचा संदेश मिळत नाही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांचे आद्याक्षरी रूप आहे. दुसऱ्या दिवशी आलेल्या तंत्रज्ञाने तारेच्या टोकाला मीटर लावले, आणि या वेळचे दादा मनापासून समजावून सांगणारे होते. मीटरवर उणे २९ डीबीएम आले; डीबीएम हे येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजण्याचे माप. साधारण उणे २७ च्या खाली पेटीला प्रकाश ओळखता येत नाही आणि दर ३ ने आकडा खाली गेला की प्रकाश निम्मा झालेला असतो. त्यांनी कपाट सरकवले. मागे रंगकाम करणाऱ्याने तार एका खिळ्याभोवती घट्ट गुंडाळली होती. काचेच्या धाग्याला फार लहान वळण दिले की प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. त्यांनी वळण मोकळे केले, टोक अल्कोहोलने पुसले आणि आकडा उणे २० झाला, म्हणजे आठपट प्रकाश. मीटरचा पडदा त्यांनी माझ्याकडे वळवून दाखवला, तेव्हा मला एखाद्या डॉक्टरांनी रिपोर्ट समजावल्यासारखे वाटले. कंपनीच्या नोंदीत मात्र ही तक्रार आदल्या रात्रीच ‘निवारण झाले’ म्हणून बंद झाली होती, दिवा लाल असतानाच.

वाय-फायबद्दल थोडक्यात. वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे, ती पेटीपासून फोनपर्यंतची शेवटची बिनतारी वाट आहे, आणि निम्म्या तक्रारी या वाटेच्या असतात. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतीपलीकडे जातात पण सावकाश चालतात आणि शेजाऱ्यांच्या लहरींशी भांडतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या वेगवान असतात, पण आमच्या दीड फुटी भिंतीपुढे हात टेकतात. कंपनी दोन्हींना एकच नाव देते, मी ती वेगळी केली, आणि मागच्या खोलीत रिपीटर, म्हणजे बिनतारी लहरी पकडून पुढे पाठवणारे यंत्र, न लावता तारेने जोडलेले दुसरे यंत्र बसवले.

माझी भाची सिंगापूरला असते आणि दर रविवारी व्हिडिओ कॉलवर “मावशी, तुझा आवाज तुटतोय” हे तिचे पालुपद होते. मी भाबडेपणाने ३०० एमबीपीएसची योजना घेण्याच्या विचारात होते. अशा कॉलला दोन-तीन एमबीपीएस पुष्कळ होतात. तिथे महत्त्वाचा असतो पिंग, म्हणजे निरोप जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ, आणि त्याहून महत्त्वाचा जिटर, म्हणजे त्या वेळेत होणारा चढउतार. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत जवळपास ३,९०० किलोमीटर अंतर आहे, तेव्हा जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद निसर्गच घेतो. समुद्रातली तार सरळ रेषेत नसते, त्यामुळे मला मिळणारे ६५ मिलिसेकंद उत्तम म्हणावेत. मागच्या खोलीत वाय-फायवर हाच आकडा ६५ वरून ३०० पर्यंत उड्या मारत होता. कॉलसाठी लॅपटॉप तारेला जोडला आणि पालुपद थांबले. महागडी योजना विकण्याची संधी असूनही ग्राहक सेवेतील मुलीने “मॅडम, त्याने फरक पडणार नाही” असे स्पष्ट सांगितले होते, हे तिच्या बाजूने नोंदवायला हवे.

सर्वांत अवघड शब्द होता ‘सीजीनॅट’ आणि तो कोणत्याही माहितीपत्रकात नाही. जुन्या अंकांच्या मूळ फाइली मी घरी एका नेटवर्क हार्डडिस्कवर ठेवते; छापखान्यात बसलेली असताना त्या उघडता याव्यात म्हणून सांगितलेले सगळे सोपस्कार केले, तरी बाहेरून दार उघडेना. आयपी पत्ता म्हणजे नेटवर्कवरचा घर क्रमांक. जुन्या पद्धतीत असे सुमारे ४२९ कोटीच पत्ते बनू शकतात आणि ते कधीच अपुरे पडले, म्हणून कंपन्या एकच जाहीर पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात. जुन्या पुण्यातल्या वाड्यासारखे हे आहे: घर क्रमांक एक, आत बिऱ्हाडे वीस. आपण पत्र पाठवले तर कोणी पाठवले हे वाड्याचे मालक लक्षात ठेवतात आणि उत्तर आले की बरोबर त्या बिऱ्हाडात देतात. पण बाहेरचा माणूस आपणहून ‘अमुक बाईंना भेटायचे आहे’ म्हणून आला, तर मालकांकडे तशी काही नोंदच नसते आणि तो दिंडीदरवाज्यावरूनच परत जातो. आपण अशा वाड्यात राहतो का, हे ओळखणे सोपे आहे. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि त्यातला दुसरा आकडा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर आपण सीजीनॅटमागे आहोत. हे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. माझा पत्ता नेमका तसाच होता. नव्या आयपीव्ही६ पद्धतीत पत्त्यांचा तुटवडा नाही आणि माझ्या जोडणीवर ती सुरूही आहे, परंतु छापखान्याची जोडणी अजून जुन्या पद्धतीवर असल्याने मला तिचा उपयोग झाला नाही. स्वतंत्र, न बदलणारा पत्ता हवा असल्यास कंपनी ‘स्टॅटिक आयपी’ म्हणून वेगळे पैसे घेते. पैसे घेण्याला माझी हरकत नाही. जोडणी विकताना हे कोणी सांगितले असते, तर माझे दोन रविवार वाचले असते.

वर्षभरात एकूण चार वेळा सेवा बंद पडली, त्यातली सर्वांत लांब खंड एकोणीस तासांची होती आणि ती रस्ता खोदताना तार तुटल्याने, म्हणजे कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने पडली. पाठवण्याचा वेग उतरवण्याच्या वेगाइतकाच मिळतो, ही माझ्या व्यवसायासाठी या जोडणीची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. पाचपैकी साडेतीन गुण मी देईन. अर्धा गुण चार तारांच्या केबलपायी गेला आणि एक भाषेपायी. मुदतवाढ बारा महिन्यांऐवजी सहाच महिन्यांची घेतली आहे. स्टॅटिक आयपीचा अर्ज भरून पंधरा दिवस झाले असून राउटरच्या पानावर अजून १०० नेच सुरू होणारा पत्ता दिसतो.