रानातल्या विषारी बेडकाची ओळख आणि ‘आयनॅचरलिस्ट’ ॲप

मध्य अमेरिकेतील कोस्टारिका देशाच्या रानवाटांवर दिसणाऱ्या रंगीत विषारी बेडकांची, म्हणजे ‘पॉइझन डार्ट फ्रॉग’ची, ओळख पटवण्यासाठी ‘आयनॅचरलिस्ट’ हे ॲप कितपत उपयोगी पडते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. ॲप विनामूल्य आहे. अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून २००८ मध्ये सुरू झालेले हे काम २०२३ पासून एक स्वतंत्र ना-नफा संस्था पाहते.

छायाचित्र चढवले की दिसण्यावरून ॲप संभाव्य जातींची यादी समोर ठेवते. सारापिकीच्या परिसरात, कॅरिबियन बाजूच्या उतारावर, पालापाचोळ्यात जेमतेम दोन सेंटिमीटरचा, लाल अंगाचा आणि निळ्या पायांचा बेडूक दिसला, तर तो ‘ऊफॅगा प्युमिलिओ’ असणार. पर्यटक त्याला ‘ब्लू जीन्स’ म्हणतात. मात्र हीच जात शेजारच्या पनामातील बोकास देल तोरो बेटांवर हिरवी, निळी, पिवळी, ठिपकेदार अशा अनेक रंगांत आढळते, आणि कोस्टारिकाच्याच पॅसिफिक बाजूला, ओसा द्वीपकल्पात, लाल पाठीचा व निळसर-हिरव्या पायांचा ‘ऊफॅगा ग्रॅन्युलिफेरा’ ही निराळीच जात राहते. त्यामुळे रंगाइतकेच, किंबहुना अधिक, वजन ठिकाणाला द्यावे लागते. फोनमधील अक्षांश-रेखांश वापरून कोणती जात त्या परिसरात अपेक्षित आहे हे ॲप दाखवते, आणि माझ्या मते त्याची खरी ताकद येथेच आहे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या छायाचित्रात ही माहिती उरत नाही, म्हणून शक्यतो मूळ छायाचित्रच चढवावे.

यंत्राच्या सुचवणीवर थांबू नये, याचे उत्तम उदाहरण म्हणजे ‘फायलोबेटीस लुगुब्रिस’. काळ्या अंगावर दोन पिवळसर पट्टे असलेल्या या विषारी बेडकासारखाच दिसणारा ‘प्रिस्टिमँटिस गायगेई’ त्याच प्रदेशात आढळतो आणि तो विषारी कुळातला नाही. विषारी कुळातील बेडकांच्या बोटांच्या टोकांवर दोन लहान खवल्यांसारख्या चकत्या असतात. तेव्हा केवळ पाठीचे नव्हे, तर बोटांचेही जवळून घेतलेले छायाचित्र जोडल्यास ॲपवरील नोंदी तपासणाऱ्या जाणकारांचे काम सोपे होते. किमान दोन वापरकर्त्यांनी दिलेल्या ओळखी आणि दोन-तृतीयांशांहून अधिक सहमती झाली की पूर्ण माहितीची नोंद ‘संशोधनयोग्य’ ठरते. ही पद्धत चांगली असली तरी अचूक नाही, कारण दोघांनीही यंत्राचाच पहिला पर्याय निमूटपणे स्वीकारलेला असू शकतो.

संकटग्रस्त जातींचे नेमके ठिकाण ॲप आपोआप धूसर करते. पाळण्यासाठी या बेडकांची चोरटी धरपकड होते आणि या कुळातील अनेक जाती १९८७ पासून वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, हे पाहता ही सोय आवश्यकच वाटते.

विषाबाबत मात्र ॲपवर विसंबू नये. या बेडकांचे विष प्रामुख्याने मुंग्या व कोळीकुळातील सूक्ष्म किडे खाण्यातून येते, म्हणून त्याचे प्रमाण ठिकाणागणिक बदलते. नाव कळले तरी बेडूक हातात घेऊ नये.

मुलांसाठी त्याच संस्थेचे ‘सीक’ हे ॲप सोपे आहे, कारण त्याला खाते लागत नाही आणि नेटवर्कशिवायही ते चालते. पण तेथे दिलेले नाव तपासणारा जाणकार नसतो, त्यामुळे वरच्यासारख्या जुळ्या दिसणाऱ्या बेडकांसाठी ती नोंद पुढे ‘आयनॅचरलिस्ट’वर पाठवावीच.