जुना पॉवर हॅमर (लोहारकामाचा यंत्रावर चालणारा घण) घ्यायचाय: पाट्याचा की हवेचा?

पाट्याच्या (ट्रकला असतात तशा) स्प्रिंगचा हॅमर स्वस्त आणि उघडावाघडा. बिघाड डोळ्यांना दिसतो. पट्टा काढा, चाक हाताने फिरवा, घण बाजूला हलवून पाहा. गाइडमध्ये, म्हणजे घण ज्यातून वर-खाली सरकतो त्या खाचेत, थोडी खडखड असली तर चालते, ती जुळवून घेता येते. पाट्याला मात्र क्लॅम्पजवळ तडा आहे का, हे बारकाईने बघा. चालत्या मशिनवर पाटा तुटला तर तुकडा कुणाच्या अंगावर येईल सांगता येत नाही.

हवेच्या दाबावर घण मारणाऱ्या हॅमरची मजा वेगळी. हलकी टिचकी की पूर्ण ठोका, ते पायाच्या दाबावर ठरतं. जाड लोखंडावरून बारीक लोखंडावर आलात तरी स्ट्रोक (घणाची वर-खाली चाल) पुन्हा लावत बसावं लागत नाही. पण सिलिंडरला आतून चरे पडलेले असले तर बोअरिंग, नवा पिस्टन, रिंगा... खर्च मशिनच्या किमतीला भिडतो. बाहेरून रंग मारला की यातलं काही कळत नाही. म्हणून बंद मशिन घेऊच नका, तापलेल्या लोखंडावर चालवून दाखवायला लावा.

फाउंडेशन दोघांनाही लागतंच. शेडमध्ये थ्री फेज नसेल तर मी छोटा पाट्याचाच घेईन.