सेंट अँड्र्यूज की प्रेस्टविक?

स्कॉटलंडच्या सहलीत गॉल्फसाठी एकच दिवस काढता येत असेल, तर बहुतेक जण डोळे झाकून सेंट अँड्र्यूजचं ‘ओल्ड कोर्स’ हे मैदान म्हणतात. माझं मत जरा वेगळं आहे. नुसतं पाहायचं असेल तर सेंट अँड्र्यूज, पण स्वतः खेळत असाल तर ग्लासगोजवळचं प्रेस्टविक.

विजेत्यांच्या यादीत सेंट अँड्र्यूजपुढे कुणाचा निभाव लागत नाही, हे खरंच. २०२२ पर्यंत इथे ३० वेळा ‘ओपन’, म्हणजे गॉल्फची सर्वांत जुनी मोठी स्पर्धा, झाली. १९२१ मध्ये वैतागून फेरी अर्धवट टाकणारा बॉबी जोन्स १९२७ मध्ये इथेच जिंकला. जॅक निकलॉस दोनदा, टायगर वुड्सही दोनदा. २००० साली तर चार फेऱ्यांत वुड्सचा चेंडू एकदाही बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, गेला नाही, आणि इथे बंकर आहेत शंभरावर!

प्रेस्टविकचा मान वेगळा. पहिली ओपन इथली, १७ ऑक्टोबर १८६० ची. खेळाडू अवघे आठ, १२ होलच्या (होल म्हणजे चेंडू खळग्यात घालायचा एक टप्पा) तीन फेऱ्या, सगळं एका दिवसात. ज्या ओल्ड टॉम मॉरिसने मैदान आखलं, त्यालाच दोन फटक्यांनी मागे टाकून विली पार्क जिंकला. टॉमने पुढे चारदा उट्टं काढलं. त्याचा पोरगा यंग टॉम बापापेक्षा वरचढ निघाला. १८६८ पासून सलग तीनदा जिंकून बक्षिसाचा लाल कातडी पट्टा त्याने कायमचा घरी नेला. द्यायला पट्टाच उरला नाही, म्हणून १८७१ मध्ये स्पर्धा झालीच नाही. १८७२ ला झाली, तर पुन्हा हाच जिंकला. हॅरी व्हार्डनने जिंकलेल्या सहा ओपनपैकी तीन इथल्याच. १९२५ मध्ये गर्दी आवरेना आणि ओपनने प्रेस्टविकचा निरोप घेतला.

मात्र त्यामुळेच मैदान जुन्या वळणाचं राहिलं. ‘हिमालय’ नावाच्या पाचव्या होलला समोर वाळूची टेकडी उभी असते आणि पलीकडचं ग्रीन (खळग्याभोवतालची गुळगुळीत हिरवळ) दिसतच नाही, अंदाजाने हाणायचं. सतरावं ‘आल्प्स’ तर त्या पहिल्या १२ मधलंच.

ओल्ड कोर्सवर खेळायला बहुतेकांना दोन दिवस आधीच्या सोडतीत नशीब आजमावावं लागतं, शिवाय हँडिकॅपचा, म्हणजे खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला हवा. रविवारी मात्र एरवी खेळ बंद असतो, तेव्हा कुणीही मैदानातल्या जुन्या दगडी स्विल्कन पुलावर फोटो काढावा, कॅथीड्रलच्या भग्न आवारात मॉरिस बापलेकांच्या कबरी पाहाव्यात. घरच्या न खेळणाऱ्या मंडळींना हेच आवडेल.

प्रेस्टविक खासगी क्लब असला तरी पाहुण्यांना आगाऊ नोंदणी करता येते. ग्लासगो सेंट्रलहून गाडी थेट प्रेस्टविक टाउनला जाते आणि स्टेशन मैदानाला खेटूनच आहे. पहिला फटका उजवीकडे भरकटला, की चेंडू रुळांवर.